मिरज ते सातारा : घरभेटींच्या वाटेने

गुरुवार, ६ मार्च २०२५ : मिरज

मार्चचा पहिला शुक्रवार जगभरातील ख्रिस्ती स्त्रिया प्रार्थना दिन म्हणून पाळतात. १९२७ पासूनची रीत अशी आहे की, दर वर्षी एका देशातील स्त्रियांनी उपासनेचा क्रम लिहायचा आणि इतर देशांतील स्त्रियांनी तो आपापल्या भाषेत चालवायचा. यंदाचा क्रम पॅसिफिक महासागरातील कुक बेटांवरच्या स्त्रियांनी लिहिला होता. आमच्या नगरच्या महिला मंडळात बरेच दिवस एक कुरबुर चालू होती. सभा भरते, गीते होतात, चहा-पोहे होतात. पण मंडळीबाहेरच्या, म्हणजे आपल्या चर्चची नसलेल्या, एखाद्या बाईच्या दारापर्यंत आपण कधी जातो का, असा प्रश्न कोणीतरी दर वेळी काढत असे आणि दर वेळी वेळ संपलेली असे. सांगलीकडच्या भगिनी घरभेटी नेमाने करतात असे ऐकून होतो. तेव्हा यंदाचा प्रार्थना दिन त्यांच्याबरोबर पाळावा आणि त्यानंतर त्यांच्या मागोमाग थोडे हिंडावे, असे ठरवून आम्ही तिघी रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो आणि दुपारी मिरजेत उतरलो.

नगरच्या ख्रिस्ती माणसाला सांगली-मिरजेत पाऊल ठेवताच थोडे वेगळे वाटते, आणि त्याला जुने कारण आहे. निरनिराळ्या मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरायचे नाही असा संकेत पाळल्यामुळे नगर, सातारा, वाई हा पट्टा अमेरिकन मराठी मिशनकडे राहिला, तर कोल्हापूर, सांगली, मिरज हा पट्टा प्रेसबिटेरियन मिशनकडे. पुढे १९२४ मध्ये या दोन्ही परंपरा एका संयुक्त मंडळीत आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर बऱ्याचशा मंडळ्या एका छत्राखाली जमल्या. तरीही आमच्याकडे सभा जरा सैल चालते, इकडे घड्याळ पाहून चालते, हा फरक काही गेलेला नाही.

मिरज म्हटले की दवाखाना, हे समीकरण पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात घट्ट बसलेले आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभे केले. त्यांच्या पत्नी मेरी या प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वान्लेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. ही सगळी नावे आजही पाट्यांवर वाचता येतात. त्याच काळात वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन उंबऱ्यावर बसणाऱ्या, बायकांना अक्षरे गिरवायला शिकवणाऱ्या, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी सासूची समजूत घालणाऱ्या बायबल बाया मात्र मिशनच्या अहवालांत बहुधा संख्येने येतात, नावाने क्वचितच. रुग्णालयाची ख्याती दगडी इमारतीने टिकवली. बायबल बायांच्या मागे इमारत राहिली नाही. त्यांची रीत मात्र इथल्या बायकांनी टिकवली आहे, आणि आम्हाला पाहायची होती ती तीच.

संध्याकाळी महिला मंडळाच्या चौघींबरोबर एका दवाखान्याच्या आवारात गेलो. त्यांतल्या एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांना सगळ्या जणी, अगदी त्यांच्या वयाच्या बायकासुद्धा, सिस्टर म्हणत. सिस्टरांच्या पिशवीत बायबल असेल अशी माझी समजूत होती. पिशवीतून निघाले ते असे : खोबरेल तेलाची बाटली, फणी, नेलकटर, धुऊन घडी घातलेले जुन्या सुती साड्यांचे तुकडे आणि मोबाइलचे तीन चार्जर. "पेशंटला बघायला डॉक्टर आहेत," सिस्टर म्हणाल्या, "आपण पेशंटबरोबर आलेल्या बाईला बघायचं."

अथणीकडून आलेली एक बाई जिन्याखाली बसली होती. मुलाचे ऑपरेशन झाले होते आणि तिचा फोन सकाळपासून बंद पडला होता. मंडळातल्या एक आत्या कानडी जाणतात. त्यांनी चार्जर लावून दिला, घरी फोन लागेपर्यंत शेजारी बसून राहिल्या, आणि मग काही न विचारता तिच्या मागे बसून तिची वेणी सोडली. आपले केस कित्येक दिवसांत विंचरलेले नाहीत हे त्या बाईला तेव्हा जाणवले असावे, कारण ती एकदम हसली आणि पदर तोंडाला लावला. वेणी घालून होईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात कोणी प्रार्थना केली नाही. उठताना बाईने स्वतः विचारले की तुम्ही कोण. आत्यांनी सांगितले की आम्ही चर्चच्या बायका. मग तिने मुलासाठी मागणे करायला सांगितले आणि आत्यांनी कानडीत, हळू आवाजात, दोन-तीन वाक्यांची प्रार्थना केली. मंडळाचा नियमच तसा आहे : मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, पत्रक हातात कोंबायचे नाही आणि आजार सोडून दुसरी चौकशी करायची नाही. धर्मांतराच्या संशयाने वातावरण गढूळ झालेल्या दिवसांत हा नियम सोयीचा आहे, असे कोणी म्हणेल. सिस्टरांनी सांगितले की हा नियम त्यांना नोकरीत असताना एका वडीलधाऱ्या मेट्रनबाईंनी घालून दिला होता, म्हणजे तो या दिवसांच्या कितीतरी आधीचा आहे.

शुक्रवार, ७ मार्च : सांगली

सकाळी सांगलीत मंदिराची, म्हणजे चर्चची, झाडलोट आणि सजावट. कुक बेटे म्हणजे पंधरा छोटी बेटे, एकमेकांपासून दूर पसरलेली. तिथल्या सजावटीत नारळाची पाने असतात म्हणून कोणाच्या तरी परसातल्या झावळ्या आणून मुलींनी विणायला घेतल्या होत्या. वेदीसमोर झावळ्या, त्यांच्या मधोमध एका ताटात राजापुरी हळकुंडे आणि तासगावची द्राक्षे. कार्यक्रमपत्रिकेत हळकुंडे नव्हती. पण सांगलीच्या बायकांनी सांगलीचे काही ठेवायचे नाही, हे शक्य नव्हते.

उपासना ठरलेल्या वेळी, म्हणजे खरोखरच ठरलेल्या वेळी, सुरू झाली. यंदाचे वचन स्तोत्र १३९ मधले होते : देवाने प्रत्येकाला अद्भुत रीतीने घडविले आहे, या अर्थाचे. बेटांवरच्या स्त्रियांच्या गोष्टी एकेकीने वाचायच्या होत्या. ‘किया ओराना’ हे तिथले अभिवादन सगळ्यांनी मिळून म्हणायचे होते, त्याची तालीम दोनदा झाली होती. तरीही मागच्या बाकावरच्या एका आजींनी ऐन वेळी खणखणीत आवाजात "सलाम" म्हटले आणि सगळे मंदिर हसले. मला तो प्रकार आवडला. मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला सलाम पॅसिफिकमधल्या बायकांनाही चालला असता.

गीते मात्र आपलीच होती. ‘उपासना संगीत’ उघडले की नारायण वामन टिळकांची पदे पानोपानी भेटतात. ओवी-अभंगाच्या वळणाने जाणारी ही पदे बायका पुस्तकात न पाहता म्हणतात. पेटी वाजवणाऱ्या ताई मिरजेच्या होत्या आणि वाद्यांच्या गावात राहत असल्यामुळे पेटीच्या सुरांविषयी त्यांची मते फार कडक होती. दुसरे गीत त्यांनी मध्येच थांबवून वरच्या पट्टीत पुन्हा सुरू करायला लावले.

माझ्या दृष्टीने दिवसातला खरा भाग उपासनेनंतर, मागच्या खोलीत झाला. इथल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकाला बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूच्या डब्यात टाकतात आणि महिन्याअखेरीस तो डबा मंडळात आणतात. ही पद्धत भारतातल्या अनेक मंडळ्यांत आहे. आमच्याकडेही होती, पुढे तिची जागा पाकिटाने घेतली. इथे पाकीट आले तरी डबा गेलेला नाही. सतरंजीवर वेगवेगळे ढीग पडत होते : शाळू, तांदूळ, गहू, थोडी तूरडाळ. एकीने डब्यात शाळू आणि तांदूळ एकत्र केले होते, तेव्हा दोघी जणी सूप घेऊन ते निवडत बसल्या आणि त्या घरच्या सुनेविषयी जे बोलायचे ते बोलून झाले. पुढे वजन, मग पिशव्या. पिशव्या कोणत्या घरी जायच्या ते खजिनदार ताई एका लांबट वहीत पाहून सांगत होत्या.

ती वही मी मागून घेतली. रकाने चार : तारीख, घर, कोण गेले, पुढे काय. ‘घर’ या रकान्यात एकही नाव नाही. ‘पत्र्याचे’, ‘पिठाच्या गिरणीमागचे’, ‘दोन मुली’, ‘जिन्यावरची आजी’ अशा खुणा आहेत. ‘पुढे काय’ या रकान्यात एका ठिकाणी ‘चष्मा’, एका ठिकाणी ‘रेशन कार्डावर नाव चढवणे’, एका ठिकाणी ‘फक्त बसणे’, आणि एका ठिकाणी नुसती आडवी रेघ. रेघेचा अर्थ विचारला तेव्हा खजिनदार ताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पाळकसाहेबांना बाई सांगत नाही. पाळकीणबाईंना सांगितलं तर पाळकसाहेबांना कळतं. आम्हाला सांगितलं तर वहीत रेघ येते, एवढंच."

धान्याची पिशवी पोहोचवण्याचीही पद्धत आहे. भर दिवसा पिशवी घेऊन गेले तर गल्ली बघते, म्हणून संध्याकाळी बाजार करून येताना, स्वतःच्या भाजीच्या पिशवीबरोबर ती न्यायची आणि चहा पिऊन तिथेच विसरून यायची.

शनिवार, ८ मार्च : नदीकाठ आणि फड

सकाळी कृष्णेच्या काठच्या वस्तीत गेलो. वही का सुरू झाली ते इथे समजले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले की पुरे. पाणी ओसरल्यावर मदतीचे टेंपो ठिकठिकाणांहून आले आणि साहजिकच रस्त्यालगत थांबले. रस्त्यालगतच्या घरांत ब्लँकेटांची थप्पी लागली, आतल्या बोळांत चिखल काढायला फावडे नव्हते. महिला मंडळाने तेव्हा सामान वाटण्याआधी दोन दिवस नुसते फिरून कोणाकडे काय पोहोचले आहे ते लिहून काढले. धान्य सगळ्यांना मिळाले होते, पण ते शिजवायला शेगडी नव्हती. साड्या पुष्कळ आल्या होत्या, परकर आणि आतले कपडे कोणी पाठवलेच नव्हते. ती यादी पुरुषांनी केली असती तर परकराचा रकाना आला नसता, असे एका ताईने हसत सांगितले आणि तिथे उभ्या असलेल्या ज्येष्ठ सभासदांनी मान्यही केले. पूर गेला, वही राहिली.

त्या वस्तीतल्या बहुतेक बायका ख्रिस्ती नाहीत. चवदार चहा आणि त्याहून चवदार तक्रारी ऐकत आम्ही पाच-सहा घरे केली. एका घरी देव्हाऱ्यासमोर बसूनच गप्पा झाल्या. घरच्या मावशींनी ताईंना शिवरात्रीचा राहिलेला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि ताईंनी तो खाल्ला. पाच तारखेपासून लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांचा, काळ सुरू झाला असल्याने काहींचा गोड न खाण्याचा नेम होता. ताईंचाही होता, असे नंतर कळले.

दुपारी शहरात महिला दिनाचे फलक जागोजागी दिसले, त्यांवर बरेचसे फोटो पुरुषांचे.

संध्याकाळी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, गेलो. बीड आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी तिच्या हातात पडत नाही. यंदाचा हंगाम लवकर आटोपत आला होता. निम्म्या कोप्या मोडून झाल्या होत्या, पाचटाचे भारे आणि चुलीचे दगड मागे राहिले होते. बायका पहाटे तीनला उठून फडात जातात आणि मोळ्या ट्रॅक्टरमध्ये भरून झाल्यावरच परततात, म्हणून मंडळाच्या बायका अंधार पडल्यावरच येतात. आधी दुपारी यायच्या, तेव्हा कोपीत फक्त पोरे आणि म्हातारी माणसे भेटायची.

सिस्टरांनी एका गाडीच्या दिव्याच्या उजेडात रक्तदाब तपासायला घेतला. रांगेतल्या एका तरुण बाईच्या तळहाताला कोयत्याच्या मुठीने घट्टे पडले होते आणि करंगळीची जखम हळदीच्या लेपाने काळी-पिवळी झाली होती. सिस्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते विचारले, उद्या सरकारी केंद्रात कोण नेणार ते तिथल्या तिथे ठरवले. बाईला मात्र हाताचे काही पडले नव्हते. तिला मुलीच्या शाळेचा दाखला हवा होता. मुलगी इथल्या शाळेत चार महिने बसली होती. गावी परत गेल्यावर तिकडचे गुरुजी ती हजेरी धरतील का, एवढाच तिचा प्रश्न होता. मंडळातल्या एक जण निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी शाळेचे नाव, वर्ग आणि मुलीचे पूर्ण नाव लिहून घेतले, सोमवारी शाळेत जाऊन हजेरीचा कागद आणण्याचे कबूल केले, आणि टोळी बुधवारी निघणार म्हटल्यावर वहीत बुधवारच्या खाली दोन रेघा ओढल्या.

येथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या कामाचा अहवाल लिहायचा झाला तर लिहिण्यासारखे फार थोडे हाती लागते : एक रक्तदाब तपासणी, एक दाखला, काही कापडी पॅड. देणगीदारापुढे ठेवायला हे तोकडे पडते. पण याच कोपीवर पुढच्या हंगामात तीच टोळी आली तर ती बाई या बायकांना ओळखेल, आणि हाताची करंगळी न दाखवता जे खरे दुखते ते सांगेल. मंडळाच्या बायका त्या भरवशावर वर्षानुवर्षे येत आहेत.

रविवार, ९ मार्च : सांगली ते सातारा

सकाळची उपासना, प्रभुभोजन, नंतर मंदिराच्या आवारात धान्याच्या उरलेल्या पिशव्यांचा छोटासा लिलाव. दोन किलो शाळूला एका गृहस्थांनी बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावली आणि पिशवी परत देऊन टाकली, तेव्हा ती पुन्हा लिलावात आली.

मंडळीच्या कमिटीत बायका किती, हे मी विचारले आणि उत्तर आमच्या नगरसारखेच निघाले. पैसे जमवणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, घरोघर जाणाऱ्या बायका. ठराव मांडणारे पुरुष. दक्षिणेकडच्या चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये एग्गोनी पुष्पललिता यांना बिशप केले. इकडे अजून चहाच्या वेळेवर बाईचे मत ग्राह्य धरतात, अशी एका ताईची मल्लिनाथी होती. दुपारच्या गाडीने आम्ही सातारा गाठले.

सोमवार, १० मार्च : सातारा

साताऱ्यात आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले, कारण अमेरिकन मराठी मिशनची ही जुनी जागा; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे काम आहे. मिशनच्या चौकटीतून बाहेर पडून टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तोही याच गावात. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला तो खुला असावा अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र पुढे १९३६ पर्यंत होत्या, आणि बायकांशी कसे बोलावे, किती हसावे आणि कधी गप्प बसावे, हे मराठी ख्रिस्ती बायका त्यांच्याकडूनच शिकल्या आहेत, असे माझे मत आहे.

दुपारी महिला मंडळाच्या बैठकीत सांगलीची वही हाच विषय निघाला. आमच्यातल्या एका ताईने रकाने फळ्यावर आखून दाखवले. तरुण बायकांना ते फार पसंत पडले; दोघींनी तर मोबाइलवर तसाच तक्ता करून सगळ्यांना पाठवण्याची तयारी दाखवली. तेवढ्यात कोपऱ्यात विणकाम करत बसलेल्या एका वयस्क बाईंनी सुया थांबवल्या. त्या स्वतः एका बायबल बाईच्या नात. त्या म्हणाल्या, "माझी आजी मैलोन् मैल चालत जायची आणि तिने एक ओळ लिहून ठेवली नाही. बायका तिच्याशी का बोलायच्या? ती लिहीत नव्हती म्हणून. आज वही काढाल, उद्या कमिटी म्हणेल वही आणा, परवा कोणाची तरी सून चव्हाट्यावर येईल. आणि मोबाइलवर तर नकोच."

मी सांगलीचा बिननावाचा रकाना समजावून सांगितला. त्यांना तो पटला नाही. लहान गावात ‘पिठाच्या गिरणीमागचे घर’ म्हणजे नाव घेण्यासारखेच आहे, हे त्यांचे म्हणणे खरे होते. दुसरीकडे, लिहिलेच नाही म्हणून त्यांच्या आजीचे नाव आज त्या सोडून कोणालाही ठाऊक नाही, असे एका मुलीने धीटपणे सांगितले. त्यावर बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सावित्रीबाई आमच्या नायगावच्या. शिक्षिका व्हायला तुमच्या नगरला मिशनच्या फरारबाईंकडे आल्या होत्या. आमच्या जिल्ह्याने तुम्हाला विद्यार्थीण दिली, तुम्ही आम्हाला वही आणलीत. बघू." सगळ्या हसल्या आणि तणाव सैलावला, पण त्यांनी मत बदलले नव्हते.

शेवटी तडजोड निघाली ती अशी : वहीत फक्त तारीख आणि कोण गेले एवढेच लिहायचे, घर आणि कारण जिने तिने लक्षात ठेवायचे, आणि जाणाऱ्या दोघींपैकी एक नेहमी तरुण असावी, म्हणजे लक्षात ठेवणारी पुढे राहील. सांगलीच्या खजिनदार ताईंना हे फोनवर कळवले, तेव्हा त्यांनी रकाना काढल्याबद्दल नापसंती दाखवली आणि दाखल्याचा कागद मिळाल्याचे सांगितले. हजेरी चार महिन्यांची नव्हती, साडेतीन महिन्यांची भरली. मुख्याध्यापकांनी सही-शिक्का दिला होता आणि शिक्षिकाताई त्याच संध्याकाळी तो कोपीवर नेऊन देणार होत्या.